रुमालाखालचा हात

आमच्या गावच्या बायका विहिरीवर मला धरून बसतात. अकोला कसं आहे, मोर्णेला पाणी किती, तिथल्या बायका लुगडं कसं नेसतात, आगगाडी खरंच लोखंडाच्या रस्त्यावरून चालणार का, नाना प्रश्न. मी सांगते. मला दोनदा सांगावं लागत नाही, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. पण ज्यासाठी गेले तिथवर येते तोवर ऐकणारीची घागर भरते, ती उठून जाते, दुसरी येते, आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून लिहून ठेवते आहे. लिहायला मला कोणी शिकवलं नाही. देवळात ऐकून ऐकून पोथी तोंडपाठ झाली होती. मग तीच पोथी पुढ्यात घेऊन पाठ असलेल्या शब्दांवर बोट ठेवत गेले, आणि हळूहळू अक्षरं ओळखीची झाली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं कोणी मनावर घेऊ नये.

मी कशाशीही बोलते. गाईशी बोलते, चुलीशी बोलते, वरण ऊतू गेलं तर वरणाशी बोलते. अशा बाईनं आपल्या सख्ख्या भावाशी चार वर्षं अबोला धरला होता.

दादा माझा थोरला भाऊ. अकोल्यात कापसाची दलाली करायचा, तीस वर्षं. माझे मालक गेले ते नेमकं त्या वर्षी, ज्या वर्षी अमेरिकेत लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्याकडं रीत आहे, बाई उघडी पडली की माहेरचा भाऊ दुखवट्याचं लुगडं घेऊन येतो आणि आपल्या हातानं तिच्या खांद्यावर घालतो. तोंडानं काही बोलायचं नसतं. लुगडं घातलं की झालं, तिला कळतं की माहेर आहे. मी चौदा दिवस वाट पाहिली. पंधराव्या दिवशी एक गाडीवान आला आणि लुगड्याची घडी ओसरीवर ठेवून म्हणाला, "दलालसायबानं पाठवलं जी. बजार सोडून येता येत नाई म्हने." मी ती घडी मोडली नाही. तशीच त्याच्या हाती परत दिली. पाणीसुद्धा विचारलं नाही त्याला.

आता कधी कधी वाटतं, त्या गाडीवानानं लुगडं खरंच दादाला परत नेऊन दिलं, की आपल्या बायकोला नेसवलं, देव जाणे. ते विचारायचं राहूनच गेलं. पण दादा आला नाही, मीही गेले नाही. दर भाऊबिजेला मी चंद्राला ओवाळत होते.

यंदा फाल्गुन लागला आणि अकोल्याहून निरोप आला. दादाला लकवा झाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. आत्याबाईंना पाहायचं असेल तर यावं. सुनेला आठवा महिना सरत आला होता, घरात दुसरं बाईमाणूस नाही. माझा लेक म्हणाला, "तू जाय, माय. पंधरा दिवसांत परत ये म्हंजे झालं."

वाचा गेली हे ऐकूनसुद्धा मी मनात काय धरून निघाले, तर तो मला एकदा "काशे" म्हणून हाक मारील. म्हातारपणी माणूस किती वेडं असतं ते लिहून ठेवलेलं बरं.

अमरावती

आमचे शेजारी रामजी दमणी जुंपून माझ्याबरोबर आले. पन्नाशीचा माणूस, पण दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप. बैलांशीही बोलत नाही. पायाचा अंगठा बैलाच्या मागच्या मांडीला लावतो, बैल वळतो. जिभेनं टाळूवर एक टिचकी, की बैल पळतो. तीन कोस मी एकटीच बोलत होते.

अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाच्या गाड्यांची जी रांग लागली होती तिचा शेवट दिसत नव्हता. हवेत तंतू उडत होते, माणसांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या. एका गाडीच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या पाहिल्या. आमच्याकडं पोळ्यालासुद्धा बेगड चिकटवतात, आणि इथं आडदिवशी चांदी. मी म्हटलं, या बैलाला कोणी विचारलं का, तुला जड होतं का म्हणून.

बाजारात एका निंबाखाली मोठं कोंडाळं होतं, पण आवाज नाही. पुढं डोकावले तर दोन माणसं पोत्यावर समोरासमोर बसलेली, दोघांचे हात एका उपरण्याखाली. उपरणं हलत होतं, चेहरे मात्र दगडाचे. सभोवती वीस माणसं गप्प उभी. मला वाटलं कोणी गेलं की काय.

"काय करून राहिले हे?" मी रामजींना विचारलं.

"भाव."

"तोंडाला काय झालं यांच्या?"

"तोंडानं केला त सारा बजार आयकते, काकी. हत्ता म्हनते याले. एक बोट धरलं त एक, दोन धरले त दोन, सारा पंजा धरला त पाच. उपरण्याखाली काय चाललं ते त्या दोघायले ठाव आन देवाले."

"असं असतं तर बायकांची अर्धी भांडणं पदराखालीच उरकली असती."

"मंग गाव झोपलं असतं," रामजी म्हणाले. त्या दिवसाचे त्यांचे शब्द तिथंच संपले.

मी मात्र त्या उपरण्याकडं पाहत राहिले. दादाची सारी हयात अशीच गेली म्हणायची. तो लहानपणीही बोलत नसे. आई म्हणायची, याच्या वाट्याचे शब्द देवानं चुकून काशीच्या तोंडात घातले. रागावला की तो विटीदांडू उचलून ठेवायचा, राजी झाला की परत आणून माझ्या पुढ्यात टाकायचा. मी त्याला कधी "माफ कर" म्हणताना ऐकलं नाही. आणि मीच त्याच्याकडून लुगड्याबरोबर चार शब्दांची आशा करत बसले होते.

भरावाजवळ

बडनेऱ्याच्या पुढं आगगाडीच्या रस्त्याचं काम चाललं होतं. काळ्या मातीचा भराव लांबवर गेलेला, गावच्या बांधासारखा, पण दहा बांध एकावर एक रचावे तसा. शेकडो माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन मुंग्यांसारखी चढत-उतरत होती. दूरदेशाहून आणलेली वडार माणसं होती, त्यांची भाषा आपल्याला कळत नाही.

आम्ही एका विहिरीपाशी निंबाखाली शिदोरी सोडली. भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. तेवढ्यात एक वडारीण पाण्याला आली. विशीची असेल. मी सवयीनं बोलायला लागले, कुठली गं, किती दिवस झाले, ऊन फार आहे. ती नुसती पाहत राहिली. तिला माझा एक शब्द कळला नाही. मी भाकरीवर ठेचा ठेवून पुढं केली. तिनं ती घेतली आणि माझ्यापासून दोन हात लांब बसून खाऊ लागली.

तिची चोळी दोन्ही बाजूंनी ओली झाली होती. मी म्हटलं घाम असेल. खाऊन झाल्यावर ती उठली, निंबाच्या पलीकडं गेली, आमच्याकडं पाठ केली, आणि झाडाच्या मुळाशी आपलं दूध पिळू लागली.

मग मला काही विचारायचं उरलं नाही. माझा दुसरा मुलगा तेरा दिवसांचा गेला, तेव्हा सासूबाईंनी मला असंच तुळशीमागं बसवलं होतं. दुधाला कोणी सांगत नाही की लेकरू गेलं. ते आपलं वेळ झाली की येतच राहतं.

 ती परत येऊन माझ्याजवळ बसली, या खेपेला जवळ. आम्ही दोघी भरावाकडं पाहत होतो. मुकादमानं वरून ओरडून हाक दिली तशी ती उठली. उठताना तिनं माझ्या पदराचं टोक हातात धरलं, कापड पारखावं तसं बोटांत घोळवलं, आणि सोडून दिलं.

"काय म्हनत होती?" गाडीत बसल्यावर रामजींनी विचारलं. आपण होऊन विचारलं, म्हणजे त्यांनीही पाहिलं असणार.

मी म्हटलं, "काही नाही म्हणाली."

मूर्तिजापूर

मूर्तिजापूरच्या अलीकडं उमा नदीच्या पात्रात गाडीचा आख मोडला. सुतार मिळाला, पण लाकूड मिळेना, सगळी बाभूळ कापसाच्या गाड्यांना लागलेली. दीड दिवस तिथंच गेला. जीव माझा अकोल्यात, आणि मी एका माळ्याच्या घरी वांग्याचं भरीत खात बसलेली. खाणं मात्र सांगण्यासारखं होतं. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वरून तूप, आणि वांगं असं की देठसुद्धा टाकवेना.

त्या घरी एक रीत पाहिली. सून सासऱ्यासमोर बोलत नाही, हे आपल्याकडंही आहे, पण आपल्या सुना आडून खोकतात. इथं बांगड्या वाजवतात. जेवण झालं की एकदा. पाणी तापलं की दोनदा. सासरा ओसरीवर बसून आतल्या बांगड्या ऐकत होता. एकदा आतून जरा जोरात खणखण झाली.

"आज बांगडी रागात हाय," तो बायकोला म्हणाला. "तू काई म्हनलं काय व तिले?"

"मी कायले म्हनू? तुमीच सकायी भाजीत मीठ नाई म्हनले."

"मी तं तुले म्हनलो."

"तिले कान नाईत काय मंग?"

आतून एकदाच, हळू, खण्ण. म्हातारा हसला. "मिटलं," म्हणाला.

मला हसू आलं आणि लगेच दादा आठवला. एका खणखणाटात मिटण्यासारखं असतं, आणि मिटवायला माणूस समोर तर असावं लागतं.

अकोला

मोर्णेला घोटाभर पाणी होतं. गाडी पात्रातून वर चढली आणि जुन्या शहराच्या गल्लीत शिरली. दाराशी दादाचा मुलगा दामू उभा होता. तिशीचा गडी, डोळे जागरणानं लाल. माझ्या पाया पडला. त्याची बायको पार्वती पाणी घेऊन आली.

"आत्याबाई, तुमी आल्या ते बरं केलं. बाबा आता बोलत नाईत, पन सारं समजते त्यायले."

दादा आतल्या खोलीत बाजेवर होता. बाज भिंतीला लावलेली, डावी कूस भिंतीकडं. अंगावर चादर. एवढ्या उंच माणसाचा एवढासा ढीग. मी उजव्या बाजूला खाली बसले आणि म्हटलं, "दादा."

त्याचं तोंड भिंतीकडं होतं. ते तसंच राहिलं.

"दादा, मी काशी."

भिंतीकडंच.

मला जे समजायचं ते मी समजले. चार वर्षांपूर्वी मी घडी न मोडता लुगडं परत केलं, आज त्यानं न बोलता तोंड फिरवलं. फिटंफाट झाली. पण पंचवीस-तीस कोसांवरून आलेली बाई उठून तरी कुठं जाणार? मी बोलायला लागले. मालक कसे गेले, चौदा दिवस मी दाराकडं कशी पाहत होते, लेकाचं लग्न, सुनेचे डोहाळे, गाय व्याली, विहिरीला झरा लागला, चार वर्षांचं सगळं. संध्याकाळपर्यंत बोलत होते. भिंत मला जितकी पाठ झाली तितकी पोथी नव्हती.

दिवेलागणीच्या आधी दामू आणि त्याचा मुनीम आले. मुनिमाच्या खांद्यावर लाल रुमाल. दामू बाजेवर चढला, बापाच्या अंगावरून पलीकडं वाकला, डाव्या हातावर रुमाल टाकला आणि आपला हात खाली सरकवला. खोलीत सगळे श्वास धरून उभे. पार्वतीसुद्धा दारात थांबली.

"चार," दामू म्हणाला. "चार... अन् मंग सारा पंजा. पुन्ना चार."

"थांबा म्हनून राहिले," मुनीम म्हणाला. "मालक म्हनते, भाव चढन. इकू नका."

दामूनं मान हलवली आणि हात ओढला. तो सहज निघाला नाही. दुसऱ्या हातानं बापाची बोटं उकलावी लागली. रुमाल उचलून दोघं गेले. तो उघडा पडलेला डावा हात चादरीवर जरा वेळ चाचपत राहिला आणि मग थांबला.

मी पार्वतीला विचारलं, हे काय. ती हळूच म्हणाली, "कोठार भरून कापूस पडला हाय, आत्याबाई. तिकडची लढाई थांबते म्हून बजारात बोलून राहिले, भाव रोज खाली. पन बाबा हातानं थांब म्हनते, म्हून हे इकत नाईत. तीस वर्सं बाबाचा हात चुकला नाई म्हनते."

रोज हेच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उरलेला दिवस मी बोलायची आणि दादा भिंतीकडं पाहायचा. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळचे शब्द संपले. आयुष्यात पहिल्यांदा. मी पार्वतीला म्हटलं, "माझं येणं त्याला रुचलं नाही गं. मी आपली जाते." रामजींना निरोप दिला की गाडीला तेल घालून ठेवा.

करीमभाई

त्याच दिवशी दुपारी करीमभाई आले. दादाचे जोडीदार दलाल, पांढरी दाढी, हातात काठी. कापूस घ्यायला ते वऱ्हाडभर हिंडत, पंधरा दिवस बाहेर होते म्हणून त्यांना उशिरा कळलं. तीस वर्षं दोघं एकमेकांचा हात रुमालाखाली धरत आले. दामू मोठ्या आशेनं त्यांना आत घेऊन आला. "चाचा, तुमी पाहा. माह्या वाचन्यात चूक होत असन त तुमी सांगा."

करीमभाई भिंतीकडच्या बाजूला वाकले आणि हात रुमालाखाली घातला. किती तरी वेळ तसेच होते.

"काय म्हनते?" दामूनं विचारलं. "चार का पाच?"

"दामू बेटा," ते म्हणाले, "दलाल डाव्या हातानं कधी भाव देते काय?"

दामूनं रुमालाकडं पाहिलं.

"अन् भाव देनारा भाव देते आन हात सोडते. समोरच्याले पटत नसन त तो हात काढून घेते. हत्त्याची येवढीच रीत हाय, तुले ठाव हाय. हा सोडूनच नाई राहिला. हा भाव नाई बोलत रे. नुसता धरून राहिला, ज्याचा भेटला त्याचा."

मुनीम खाली पाहू लागला. दामू म्हणाला, "पन पंजा त साफ लागते ना, चाचा."

"धरतो तेव्हा सारेच बोटं लागतात, बेटा. पान्यात पडलेला मानूस काई गिनती करते काय?"

दामू भिंतीला टेकून खाली बसला. त्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला. पंधरा दिवस तो सकाळ-संध्याकाळ बापाचा हात धरत होता, आणि दर वेळी आपल्याच हातानं सोडवत होता. कापसाचं काय झालं असेल ते झालं असेल. त्या वेळी त्याच्या तोंडावर कापूस नव्हता.

मग करीमभाईंचं माझ्याकडं लक्ष गेलं. "तुमी काशीबाई? बहेन, तुमी या बाजूले कावून बसल्या?"

मी म्हटलं, "त्यानं तोंड फिरवलं ना माझ्याकडून."

"कोनं फिरवलं? लकव्यानं त्याची मान तिकडंच वळून हाय. डोये बी तिकडंच जाते. मी आलो तं माह्याकडं बी कुठी पाहिलं त्यानं? भित समोर हाय त भित पाहते बिचारा."

एवढं साधं होतं. घरात पाच माणसं, पण दलालाच्या उजव्या हाताला बसायची सगळ्यांना सवय, सौदा तिथूनच होतो. बाज कोणी हलवलीच नव्हती. आणि मी, तीन दिवस त्याच्या पाठीशी भांडत, रडत, माफी मागत बसले होते.

मी रामजींना हाक मारली. आम्ही दोघांनी बाज ओढून भिंतीपासून हातभर लांब केली आणि मी त्या फटीत जाऊन बसले. त्याचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. पाणी आलं त्यांतून. पार्वती म्हणाली, "त्या डोयातून पानी येतच राहते, आत्याबाई," म्हणजे मी फार मनाला लावून घेऊ नये म्हणून बिचारी म्हणाली. असेल तसं. मला त्यातलं काय खरं ते ठरवता आलं नाही, अजून येत नाही.

मी माझा उजवा हात त्याच्या डाव्या हातात दिला. रुमालबिमाल काही नाही, उघडाच. त्यानं धरला. दलालाचा हात इतका मऊ असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या नांगराच्या घरातला मुलगा, पण तीस वर्षं नुसती बोटं धरून धरून त्याचे घट्टे गेले होते.

त्यानंतर दोन दिवस मी बोलले नाही. बोलायचं ठरवून टाळलं असंही नाही, काही सुचेचना. पार्वती घास भरवायची, मी डाव्या हातानं खायची. तो डोळे मिटायचा, उघडायचा, मी आहे का पाहायचा. मी असायची. काशे म्हणाला नाही. म्हणणारही नव्हता. मला त्याचं विशेष वाटेनासं झालं.

पण दिवस थांबतात थोडेच. अकोल्याहून अमरावतीकडं गाड्यांचा तांडा सहाव्या दिवशी निघणार होता. बाजारातून रोकड घेऊन परतणाऱ्यांवर वाटेत धाडी पडत होत्या, एकटी गाडी कोणी काढत नव्हतं. पुढचा तांडा कधी, कोणी सांगेना. घरी सुनेला नववा लागलेला. वैद्य म्हणाले, म्हातारा पंधरा दिवस काढेल, सहा महिनेही काढेल. पार्वती म्हणाली, "राहा ना, आत्याबाई." रामजी काही म्हणाले नाहीत, पण त्यांनी बैल जुंपून दारात आणून उभे केले, आणि ते त्यांचं म्हणणं होतं.

मी दादाला सांगितलं, सुनेचं पहिलं बाळंतपण आहे, मला जायला हवं. कळलं की नाही कोण जाणे. हात सोडवायला गेले तर त्यानं आवळला. एका अंगात जेवढा जोर उरला होता तेवढा सगळा त्या पंजात होता. मी अंगठा सोडवला, मग करंगळी, मग एकेक बोट. तो माझ्याकडं पाहत होता. ज्याला पटत नाही तो हात काढून घेतो, असं करीमभाईंनी माझ्यादेखत सांगितलं होतं, आणि दादाला ती रीत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

शेवटचं बोट निघालं तसा मी दामूला फटीत बसवला आणि त्याचा हात तिथं ठेवला.

"काही विचारू नको त्याला," मी म्हटलं.

"नाई विचारत, आत्याबाई."

मी पाठ न फिरवता उंबऱ्यापर्यंत मागं मागं गेले. पण बाजेपलीकडं दादाचे डोळे भिंतीच्या बाजूलाच होते, तो मला कसा पाहणार?

परत

वाटेत विहीर लागली, निंब लागला. मी रामजींना गाडी थांबवायला लावली. वडारांचा तळ पुढं सरकला होता, झाडाखाली चुलींची राख तेवढी. आणखी सांगण्यासारखं वाटेत काही घडलं नाही, किंवा घडलं असेल तर मी पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर सातव्या दिवशी सुनेला मुलगी झाली. केस दाट, आवाज मोठा. लेक म्हणाला, तुझ्यावर गेली, माय. बाराव्या दिवशी पाळणा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याकडचा एक गाडीवान दारात आला. मी गूळ-पाणी पुढं केलं. त्यानं जोडे काढले, पण ओसरीवर चढला नाही आणि तांब्याला हात लावला नाही. मरणाचा सांगावा आणणारा पाणी घेत नाही. मी तांब्या खाली ठेवला.

"कधी?" मी विचारलं.

"एकादशीले, सकायी. दामूभाऊचा हात हातातच होता जी. मंग दोघातिघांनी बोटं सोडवले. तुमाले सांगाले सांगतलं, की तुमी गेल्यापासून दामूभाऊनं एक डाव बी भाव विचारला नाई."

मी म्हटलं, बरं केलं. त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

सुतकाच्या आंघोळीला मी परसात पाटावर बसले. सून बाळंतिणीच्या खोलीत, म्हणून शेजारची मथुरा पाणी घालत होती. दोन तांबे झाल्यावर ती थांबली.

"काकी, हात धुवा ना. मूठ कावून आवळून राहिल्या?"

मी पाहिलं. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. दुसऱ्या हातानं एकेक बोट उकलावं लागलं. आत काही नव्हतं. मथुरेनं त्या तळव्यावर पाणी ओतलं, आणि मी तो तसाच पुढं धरून बसले, तिची बादली रिकामी होईपर्यंत.